भूमी नसलेला ग्रह : गुरू आणि त्याचे उपग्रह

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ पर्व भरते तेव्हा गुरू सिंह राशीत असतो. वर्षभराने तो कन्या राशीत गेला, की कृष्णाकाठी वाई, नृसिंहवाडी येथे कन्यागत पर्वाची गर्दी सुरू होते. २०१५ साली सिंहस्थ झाला, २०१६ साली कन्यागत. या क्रमामागे खगोलशास्त्रातील एक साधी गोष्ट आहे. गुरूला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास ११.८६ वर्षे लागतात. म्हणून बारा राशींपैकी प्रत्येक राशीत तो अदमासे एक वर्ष राहतो. ही प्रदक्षिणा पुरत्या बारा वर्षांची नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्येक फेरीत सुमारे पन्नास दिवसांचा फरक पडतो आणि सात फेऱ्यांत तो एका वर्षाएवढा साचतो. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ साली, म्हणजे अकराव्या वर्षीच भरला, त्याचे कारण हेच होय.

गुरूची चाल आपल्याकडे अशी पूर्वापार मोजली गेली. परंतु ज्याची चाल मोजली तो गोल कशाचा बनलेला आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. ते दुर्बिणीने थोडे आणि अवकाशयानांनी पुष्कळसे उलगडले. जे उलगडले ते अपेक्षेपेक्षा निराळेच निघाले. गुरूवर पाय टेकावा अशी भूमीच नाही. उलट सूर्यापासून इतक्या दूर, जेथे सारे काही गोठून निश्चल झालेले असावे असे वाटते, तेथे त्याच्या एका उपग्रहावर लाव्हारस उसळत आहे आणि दुसऱ्याच्या बर्फाखाली खारट पाण्याचा महासागर असल्याची चिन्हे मिळाली आहेत. या दोन्ही आश्चर्यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे गुरूचे प्रचंड वस्तुमान. संस्कृतात ‘गुरु’ या शब्दाचा एक अर्थ जड, भारी असा आहे. या ग्रहाला नाव मिळाले ते देवगुरू बृहस्पतीवरून, वजनावरून नव्हे. तरीही ते अन्वर्थक ठरले आहे.

वजनाचा हिशेब

गुरू सूर्यापासून सरासरी ७७ कोटी ८० लाख किलोमीटर अंतरावर आहे. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत पोहोचतो. गुरूपर्यंत जाण्यास त्याला त्रेचाळीस मिनिटे लागतात. तेथे मिळणारे ऊन आपल्याकडील उन्हाच्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतकेच असते.

विषुववृत्तावरील त्याचा व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या अकरा पटींहून थोडा अधिक आहे. पृथ्वी वाटाण्याएवढी मानली तर गुरू मोसंबीएवढा होईल. त्या मोसंबीत पृथ्वीएवढे तेराशेहून अधिक गोल मावू शकतील. वजन मात्र त्या प्रमाणात नाही. ते पृथ्वीच्या ३१८ पट भरते. याचाच अर्थ असा, की गुरू ज्या द्रव्याचा बनला आहे ते पृथ्वीवरील दगड-लोखंडापेक्षा पुष्कळ हलके आहे. त्याची सरासरी घनता पाण्याच्या १.३३ पट, तर पृथ्वीची साडेपाच पट आहे. असे असूनही सूर्यमालेतील इतर सर्व ग्रह एका पारड्यात घातले तरी गुरूचे पारडे अडीच पट जड राहील.

एवढ्या दूरच्या वस्तूचे वजन कसे केले, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो विचारणे योग्यच आहे. उत्तर गुरूच्या उपग्रहांनी दिले. उपग्रह किती अंतरावरून फिरतो आणि एका फेरीला किती वेळ लावतो, हे कळले की मधला ग्रह किती जोराने ओढत असला पाहिजे ते गणिताने काढता येते. न्यूटनने आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात याच रीतीने गुरूचे वस्तुमान सूर्याच्या तुलनेत काढले होते, आणि त्याचे उत्तर आजच्या आकड्याच्या जवळ जाणारे आहे.

एवढा मोठा गोल स्वतःभोवती दहा तासांच्या आतच, ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. या वेगामुळे तो मध्यभागी फुगला असून ध्रुवांशी चपटा झाला आहे. विषुववृत्तीय आणि ध्रुवीय व्यासांत नऊ हजार किलोमीटरांहून अधिक फरक आहे. लहान दुर्बिणीतूनही गुरूची तबकडी पुरती गोल दिसत नाही, ती त्यामुळेच.

खाली उतरत गेल्यास

गुरूवर उतरण्याचा एक प्रयत्न खरोखरच झाला आहे. ७ डिसेंबर १९९५ रोजी ‘गॅलिलिओ’ या अमेरिकी अवकाशयानाने आधीच सोडलेली एक उपकरण-कुपी गुरूच्या वातावरणात शिरली. त्या वेळी तिचा वेग सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर होता. हवेच्या घर्षणाने तिचे उष्णतारोधक कवच बरेचसे जळून गेले. मग हवाई छत्री उघडली आणि कुपी खाली तरंगत जाऊ लागली. जवळजवळ एक तास ती दाब, तापमान, वारा आणि वायूंचे प्रमाण कळवीत राहिली. बाहेरचा दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या बावीस पटींवर आणि तापमान सुमारे १५० अंश सेल्सिअसवर गेल्यावर तिचा आवाज बंद पडला. पुढे ती आणखी खाली जाऊन वितळली असणार. तोवर तिने जे अंतर कापले होते ते दीडशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे गुरूच्या त्रिज्येच्या जेमतेम पाचशेव्या भागाच्या आसपास होते.

या कुपीच्या नोंदींनी शास्त्रज्ञांना काही काळ कोड्यात टाकले. गुरूच्या ढगांत जेवढी पाण्याची वाफ असेल असा अंदाज होता, त्याहून ती कितीतरी कमी भरली. पुढे ध्यानात आले, की कुपी नेमकी एका कोरड्या पट्ट्यात उतरली होती. पावसाळ्यात एखादा परका माणूस आंबोलीऐवजी माण तालुक्यात उतरावा आणि तेवढ्यावरून त्याने साऱ्या महाराष्ट्राचे पर्जन्यमान सांगावे, तसा हा प्रकार झाला. २०१६ पासून गुरूभोवती फिरू लागलेल्या ‘जुनो’ यानाने विषुववृत्ताजवळ मोजलेले पाण्याचे प्रमाण अधिक निघाले, तेव्हा हा गुंता बराचसा सुटला.

कुपी जेथे थांबली त्याच्या खाली काय आहे? गुरूमध्ये वस्तुमानाच्या हिशेबाने सुमारे तीन-चतुर्थांश हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक हीलियम आहे. सूर्याचे घटकही जवळजवळ हेच. अगदी वर अमोनियाच्या गोठलेल्या कणांचे पांढरे ढग, त्याखाली अमोनिया व गंधक यांच्या संयुगाचे ढग आणि त्याहून खाली पाण्याचे ढग असावेत. वरच्या ढगांजवळ तापमान शून्याखाली शंभर अंशांहून अधिक उतरलेले असते. जसजसे खाली जावे तसतसा वरच्या वायूचा भार वाढतो, वायू दाटत जातो आणि तापत जातो. मात्र विहिरीत हवा संपून पाणी लागावे तशी ठळक सीमा कोठेच येत नाही. वायू दाट होता होता द्रवासारखा होतो. तो कोणत्या क्षणी द्रव झाला, हे सांगता येत नाही.

आणखी खोलवर, जेथे दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या दहा लाख पटींच्या पुढे जातो, तेथे हायड्रोजन आपला परिचित स्वभावच सोडतो. त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तो वितळलेल्या धातूप्रमाणे वीज वाहून नेऊ लागतो. विग्नर आणि हंटिंग्टन या शास्त्रज्ञांनी १९३५ सालीच असे घडू शकेल, असे गणिताने दाखविले होते. पृथ्वीवर हा धातुरूप हायड्रोजन काही क्षणांपुरता निर्माण करणेही दुर्घट आहे. गुरूच्या पोटात तो सर्वाधिक आढळणारा पदार्थ आहे.

आणि अगदी मध्यभागी? जड मूलद्रव्यांचा एक घट्ट गाभा असावा, असे चित्र पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे दाखविले गेले. जुनोने गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचे बारकाईने मापन केल्यावर ते बदलावे लागले. गाभा आहे, पण तो भोवतालच्या हायड्रोजनमध्ये दूरवर विरघळल्यासारखा पसरलेला आहे, असे आता मानले जाते. म्हणजे ज्याला निर्विवादपणे भूमी म्हणता येईल असे काही तेथेही हाती लागत नाही.

गुरू हा ‘न पेटलेला तारा’ आहे, असे पुष्कळदा लिहिले जाते. हे वर्णन आकर्षक असले तरी दिशाभूल करणारे आहे. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिळून उष्णता निर्माण होते. त्यासाठी गुरूच्या वस्तुमानाच्या पाऊणशे ते ऐंशी पट वस्तुमान लागते. गुरू त्या उंबरठ्याच्या जवळपासही नाही. तथापि त्याला स्वतःची उष्णता आहे, हे खरे. सूर्याकडून जेवढी उष्णता तो शोषतो त्याच्या सुमारे दुप्पट तो बाहेर टाकतो. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वायू आणि धूळ गोळा होऊन तो बनला तेव्हाची ऊब अजून निवत आहे. शिवाय स्वतःच्याच भाराखाली तो अत्यंत मंद गतीने आकसत आहे.

न थांबणारे वादळ

या आतल्या उष्णतेचा परिणाम वरच्या ढगांवर दिसतो. दुर्बिणीतून गुरूवर फिकट आणि तपकिरी पट्टे आलटून-पालटून दिसतात. ते विरुद्ध दिशांना वाहणाऱ्या वाऱ्यांचे पट्टे होत. हे वारे किती खोल जात असतील याविषयी दीर्घकाळ वाद होता. सुमारे तीन हजार किलोमीटर खोलीपर्यंत ते पोहोचतात, असे जुनोच्या मापनावरून २०१८ साली दिसून आले. पृथ्वीवरील हवामान ज्या थरात घडते तो पंधरा-सोळा किलोमीटरांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

दक्षिण गोलार्धातील ‘तांबडा डाग’ सर्वांना ऐकून ठाऊक असतो. हे एक वादळ असून १८७८ पासून त्याच्या अखंड नोंदी आहेत. त्यापूर्वीच्या तुरळक नोंदी १८३१ पर्यंत मागे जातात. आपल्या चक्रीवादळाच्या केंद्रात कमी दाब असतो. या डागाच्या मध्यभागी जास्त दाब असून त्यातील वारे उलट दिशेने फिरतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि जमिनीवर शिरताच त्याचा जोर ओसरत गेला. समुद्राच्या उबेचा पुरवठा तुटला, की वादळ मरते. गुरूवर किनारा नाही, जमीन नाही आणि खालून येणारी ऊब कधी तुटत नाही. तरीही हा डाग अमर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची लांबी चाळीस हजार किलोमीटरांच्या आसपास होती. १९७९ साली ती तेवीस हजारांवर आली होती आणि अलीकडे सोळा हजारांच्या आसपास मोजली गेली आहे. पृथ्वी त्यात अजूनही मावेल, पण पूर्वी तेथे दोन-तीन मावल्या असत्या.

धातुरूप हायड्रोजनच्या प्रवाहांमुळे गुरूभोवती अतिशय बलवान चुंबकीय क्षेत्र निर्माण झाले आहे. १९५५ साली बर्क आणि फ्रँकलिन या अमेरिकी संशोधकांना आपल्या रेडिओ उपकरणांत एक अनोळखी खरखर ऐकू आली. ती गुरूकडून येत होती. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीतूनही गुरूच्या अशा रेडिओ लहरींचा अभ्यास झालेला आहे. या क्षेत्रात अडकलेले विद्युत्भारित कण प्रचंड वेगाने फिरत राहतात आणि त्यांच्यामुळे ग्रहाभोवतीचा प्रदेश प्राणघातक झाला आहे. डिसेंबर १९७३ मध्ये ‘पायोनियर-१०’ हे यान गुरूजवळून जाणारे पहिले यान ठरले, तेव्हा त्याच्या उपकरणांनाही या माऱ्याची झळ बसली. या गोष्टीचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे.

चार चंद्रांनी शिकविलेले

७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरूकडे वळविली. गुरूच्या शेजारी एका रेषेत तीन बारीक तारे दिसले. पुढच्या रात्री त्यांच्या जागा बदलल्या होत्या. १३ जानेवारीला चौथा दिसला. हे तारे गुरूला सोडून जात नव्हते, त्याच्याभोवती फिरत होते. आकाशातील सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते, या तोवरच्या समजुतीला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येणारा हा पहिला मोठा अपवाद होता. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो अशी या चौघांची नावे आहेत. आपल्याकडे जयपूरच्या सवाई जयसिंहांच्या ‘जीज-ए-मुहम्मदशाही’ या अठराव्या शतकातील ग्रंथातही दुर्बिणीतून दिसणाऱ्या या चार चंद्रांचा उल्लेख आहे.

या चंद्रांचा एक उपयोग आता जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. ते गुरूच्या सावलीत शिरतात, म्हणजे त्यांना ग्रहण लागते, तो क्षण पृथ्वीवर जेथून जेथून गुरू दिसत असेल तेथे तेथे एकच असतो. त्या क्षणी दोन गावांच्या स्थानिक वेळांत जितका फरक असेल त्यावरून त्यांच्या रेखांशांतील अंतर निघते. चार मिनिटांना एक अंश. कॅसिनीने १६६८ साली या ग्रहणांची कोष्टके प्रसिद्ध केली आणि त्यांच्या साहाय्याने फ्रान्सचा नकाशा नव्याने आखण्यात आला. तेव्हा जुन्या नकाशातील पश्चिम किनारा समुद्रात बराच पुढे काढला गेला होता, असे आढळले. आकाशातील गुरूचे चंद्र भूमिअभिलेखाच्या कामी आले ते असे.

पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाला याच कोष्टकांत एक खोट आढळली. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना आयोची ग्रहणे हळूहळू उशिरा लागत आणि जवळ येत असताना लवकर. १६७६ साली त्याने निष्कर्ष काढला, की ग्रहण वेळेवरच लागते. उशीर होतो तो प्रकाशाला पोहोचण्यास. प्रकाशाला वेग आहे आणि तो मोजता येतो, हे त्यामुळे प्रथमच सिद्ध झाले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला बावीस मिनिटे लागतात, असा त्याचा हिशेब होता. खरा आकडा साडेसोळा मिनिटांच्या जवळ आहे. एवढी चूक त्या काळच्या घड्याळांना माफ केली पाहिजे.

हे चंद्र पाहण्यास मोठ्या साधनांची गरज नाही. साधी द्विनेत्री दुर्बीण भिंतीला अगर खांबाला टेकवून स्थिर धरली, तर गुरूच्या दोन्ही बाजूंना ते ठिपक्यांसारखे दिसतात. शाळेतील मुलांनी ओळीने पंधरा रात्री त्यांच्या जागा वहीत काढल्या, तर कॅलिस्टोची जवळजवळ एक फेरी आणि आयोच्या आठ फेऱ्या त्या वहीत उमटतील.

दगडाला येणारी भरती

विवाह जुळविताना ‘गुरुबळ’ पाहिले जाते. येथे ज्या बळाचा विचार करावयाचा आहे ते निराळे, मोजता येणारे आहे.

चंद्राच्या ओढीने पृथ्वीवरील समुद्राला भरती येते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते. याचे कारण असे, की चंद्राची ओढ त्याच्याकडील बाजूवर अधिक आणि पलीकडील बाजूवर कमी पडते, आणि या फरकाने गोल ताणला जातो. गुरूचे वस्तुमान लक्षात घेता त्याच्या शेजारच्या वस्तूवर हा ताण किती पडत असेल, याची कल्पना करावी. १९९२ साली गुरूच्या फार जवळून गेलेला शूमेकर-लेव्ही हा धूमकेतू या ताणाने तुकडे तुकडे झाला आणि जुलै १९९४ मध्ये ते तुकडे एकामागून एक गुरूवरच येऊन आदळले.

आयो आपल्या चंद्राहून थोडासाच मोठा आहे आणि गुरूपासून त्याचे अंतरही आपल्या चंद्राच्या अंतराहून थोडेच अधिक, ४,२२,००० किलोमीटर आहे. आपला चंद्र पृथ्वीभोवती सत्तावीस दिवसांत फिरतो; गुरूच्या ओढीमुळे आयोला एका फेरीस पावणेदोन दिवसच लागतात. तो नेहमी एकच बाजू गुरूकडे ठेवतो. त्याची कक्षा पुरती वर्तुळाकार असती, तर गुरूच्या ओढीने आलेला फुगवटा एका जागी कायम राहिला असता आणि पुढे काही घडले नसते. पण युरोपाला एका फेरीस आयोच्या दुप्पट आणि गॅनिमीडला चौपट वेळ लागतो. त्यामुळे आयो ठरावीक जागी या शेजाऱ्यांच्या समोर पुनःपुन्हा येतो; दर वेळी त्याला हिसका बसतो आणि त्याची कक्षा किंचित लांबट राहते. परिणामी आयो कधी गुरूच्या जवळ येतो, कधी दूर जातो आणि त्याचा फुगवटा वाढतो, ओसरतो. ही भरती-ओहोटी पाण्याची नव्हे, घट्ट दगडाची आहे आणि तिचा चढउतार शंभर मीटरांपर्यंत असू शकतो. लोखंडी तार एकाच जागी भराभर मागे-पुढे वाकविली, तर ती तेथे हाताला गरम लागते. आयोचे सारे अंग अब्जावधी वर्षे असेच वाकविले जात आहे.

पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तीन शास्त्रज्ञांनी हे गणित मांडले आणि आयोचा अंतर्भाग वितळलेला असावा, तेथे ज्वालामुखी दिसण्याचा संभव आहे, असे लिहिले. त्यांचा निबंध २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. ‘व्हॉयेजर-१’ हे यान गुरूजवळ पोहोचण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते. ५ मार्चला यान गुरूजवळून पुढे गेले. ८ मार्चला त्याने मागे वळून घेतलेले आयोचे एक छायाचित्र लिंडा मोराबिटो ही यानाच्या मार्गनिर्देशनाचे काम करणारी अभियंता तपासत होती. तिला हवी होती पार्श्वभूमीवरील एका ताऱ्याची जागा. तेवढ्यात आयोच्या कडेशी छत्रीसारखा एक फिकट आकार तिच्या नजरेस पडला. तो शेकडो किलोमीटर उंच उडालेला ज्वालामुखीचा फवारा होता. पृथ्वीबाहेर जागता ज्वालामुखी दिसण्याची ही पहिलीच वेळ. शास्त्रात भाकिते पुष्कळ केली जातात. छापील शाई वाळते न वाळते तोच ते खरे ठरल्याची उदाहरणे थोडी.

आयोवर आता सुमारे चारशे जागते ज्वालामुखी ज्ञात आहेत. त्यांतून बाहेर पडलेल्या गंधकाने त्याचा पृष्ठभाग पिवळा-तांबूस झाला आहे. तेथून दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात निसटते आणि तेच गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून वर सांगितलेल्या घातक माऱ्यात भर घालते.

युरोपाचे पाणी

युरोपा आपल्या चंद्राहून थोडा लहान आहे. त्याचा पृष्ठभाग बर्फाचा असून भरदुपारीही तेथे तापमान शून्याखाली दीडशे अंशांच्या आसपास असते. व्हॉयेजर यानांनी घेतलेल्या छायाचित्रांत त्यावर विवरे फारशी दिसली नाहीत; दिसल्या त्या एकमेकींना छेदणाऱ्या लांबच लांब तांबूस भेगा. विवरे नाहीत याचा अर्थ पृष्ठभाग जुना नाही. कोणीतरी पाटी पुसावी तसा तो अधूनमधून नवा होत असला पाहिजे. आयोला तापविणारी भरती-ओहोटी युरोपालाही कमी जोराने तापविते. तेवढ्या उष्णतेने बर्फाखालचे पाणी द्रवरूप राहू शकेल, असा तर्क निघाला.

तर्काला बळकटी दिली ती गॅलिलिओ यानावरील चुंबकमापकाने. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रातून फिरताना युरोपामध्ये प्रतिसादादाखल एक क्षीण क्षेत्र निर्माण होते आणि गुरूचे क्षेत्र दिशा बदलते तसे तेही बदलते. असे घडण्यासाठी पृष्ठभागाच्या खाली जवळच वीज वाहून नेणारा थर हवा. गोठलेला बर्फ ते काम करू शकत नाही, खारे पाणी करू शकते. या पाण्याचे एकूण प्रमाण पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या दुप्पट असावे, असा अंदाज आहे. त्याचा तळ खडकाचा असावा आणि त्या खडकाशी पाण्याचा संपर्क असावा, ही आणखी महत्त्वाची गोष्ट. पृथ्वीवरही समुद्राच्या अगदी तळाशी, जेथे सूर्यकिरण कधीच पोहोचत नाही, तेथे उष्ण झऱ्यांभोवती जीवसृष्टी नांदते. युरोपावर तसे काही आहे, असा पुरावा मुळीच मिळालेला नाही. पाणी, ऊब आणि क्षार एकत्र असण्याचा संभव आहे, इतकेच आज म्हणता येते. पण तो संभव सूर्यमालेत फार थोड्या ठिकाणी आहे.

उरलेल्या दोघांविषयी थोडक्यात. गॅनिमीड हा सूर्यमालेतील सर्वांत मोठा उपग्रह असून त्याचा व्यास ५,२६८ किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहाहून अधिक आहे. स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असलेला तो एकमेव ज्ञात उपग्रह. त्याच्याही पोटात पाणी असल्याचे पुरावे आहेत, परंतु ते बर्फाच्या फार जाड थराखाली असावे. कॅलिस्टो सर्वांत बाहेरचा. त्याच्यावर भरतीचा ताण जवळजवळ पडत नाही आणि म्हणून तो विवरांनी भरलेला, जुनाट आणि शांत आहे. या चार मोठ्यांशिवाय गुरूला लहानसहान उपग्रहांचा मोठा गोतावळा आहे. २०२३ सालापर्यंत एकूण ९५ मोजले गेले होते आणि त्यानंतरही भर पडत आहे. त्यांतील बहुतेक काही किलोमीटरांचे, वेडेवाकडे खडक आहेत. धुळीचे एक अतिशय विरळ कडेही गुरूभोवती आहे; ते १९७९ साली सापडले.

गॅलिलिओ यानाचे इंधन संपत आले तेव्हा त्याचे काय करावे, असा प्रश्न उभा राहिला. ते पूर्णपणे निर्जंतुक करून पाठविलेले नव्हते. दिशाहीन फिरता फिरता ते कधी युरोपावर आदळले असते, तर पृथ्वीवरील सूक्ष्म जंतू त्या पाण्यापर्यंत जाण्याची शक्यता, ती कितीही अल्प असली तरी, उरली असती. मग तेथे पुढे कधी जीव सापडला असता, तरी तो तेथला की येथला हे कळणे कठीण झाले असते. म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी ते चालते यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटून जाळून टाकण्यात आले.

त्याच्या वाटेने आता दोन याने निघाली आहेत. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘ज्यूस’ एप्रिल २०२३ मध्ये सुटले असून ते जुलै २०३१ मध्ये गुरूजवळ पोहोचणे अपेक्षित आहे. त्याचा मुख्य भर गॅनिमीडवर राहील. अमेरिकेचे ‘युरोपा क्लिपर’ ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले व एप्रिल २०३० मध्ये पोहोचावयाचे आहे. युरोपाभोवती ते फिरत राहणार नाही. तेथील कणांच्या माऱ्यात त्याची उपकरणे फार काळ टिकणार नाहीत, म्हणून ते गुरूभोवती लांबट कक्षेत फिरेल, सुमारे पन्नास वेळा युरोपाजवळून वेगाने जाईल आणि दर वेळी माऱ्याबाहेर येऊन जमविलेली माहिती पृथ्वीकडे धाडील. त्याची नाजूक विद्युत् उपकरणे ॲल्युमिनियमच्या जाड भिंतींच्या पेटीत बंद केलेली आहेत. बर्फाचा थर किती जाड आहे हे रडारने मोजणे आणि बर्फाखालच्या पाण्याची खोली व खारटपणा ठरविणे, ही त्याच्याकडे सोपविलेल्या कामांतील पहिली कामे आहेत.